बिनकिल्लीची कडी

"हे कुलूप आहे?"

आत्याने ती डायरी हातात घेतली. गुलाबी पुठ्ठा, त्यावर चमकीचं फुलपाखरू आणि कडेला नखाएवढं सोनेरी कुलूप. काउंटरमागची मुलगी शिकवलेलं हसू हसली. "हो मॅडम. टीनएजर मुलींमध्ये खूप चालतंय हे. त्यांचं सीक्रेट सेफ राहतं."

"सेफ?"

"हो मॅडम."

आत्याने अंबाड्यातली पिन उपसली. मी तिचा दंड धरून "आत्या, नको ना" म्हणेपर्यंत कुलूप उघडून डायरी आ वासून पडली होती, आणि पिन परत अंबाड्यात गेलीसुद्धा.

"पिनसुद्धा जास्त झाली याला. कुणी जोरात शिंकलं तरी उघडेल हे. पोरी बिचाऱ्या यात मनातलं लिहिणार, कुलूप लावणार आणि उशाशी घेऊन निवांत झोपणार. फसवता होय गं तुम्ही त्यांना?"

"मॅडम, ते फक्त डेकोरेशनसाठी असतं."

"कुलूप? डेकोरेशनसाठी?" आत्याचा आवाज दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आपटून परत आला. "मग शटरपण डेकोरेशनसाठीच ठेवा की तुमच्या दुकानाचं!"

मी तेरा वर्षांची होते. लाजेने अर्धी मेले आणि उरलेली अर्धी अत्तराच्या बाटल्यांमागे लपले.

वर्ष संपतानाच्या सुट्टीत आमच्याकडे सगळे नातेवाईक मुलांना काही ना काही देतात. मला आणि माझ्या सोळा वर्षांच्या ताईला त्या वर्षी काय द्यावं हे बघायला आत्या मला घेऊन आली होती. दुकानात 'मुलींसाठी' अशी पाटी लावलेली एक अख्खी भिंत होती. केसांच्या क्लिपा, रंग उजळायच्या क्रीमचा संच, हृदयाच्या आकाराची उशी, आरसा, दिव्यांचा आरसा, पर्समध्ये मावणारा आरसा. समोरची भिंत मुलग्यांची. तिथे टॉर्च, होकायंत्र, वॉकीटॉकी, खिशातला पान्ह्यांचा जोड.

"बघितलंस? पोरांना बाहेर जायचं सामान, पोरींना आरशापुढे बसायचं," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुझ्या ताईला काय हवंय? खरं सांग."

"ती म्हणाली, काही नको."

"सोळा वर्षांच्या मुलीला काही नको असतं असं होत नाही. हवं असतं आणि बोलता येत नसतं, असं होतं. चल, निघू इथून. माझं डोकं फिरायच्या आत."

ते केव्हाच फिरलं होतं.

आमची आत्या चाव्या बनवते. बाजाराच्या नाक्यावर, बँकेच्या भिंतीला टेकून, एका माणसाला जेमतेम वळता येईल अशी तिची टपरी आहे. ती टपरी आजोबांची. खरं तर ती बाबांना मिळायची होती, कारण मुलगा तेच. पण बाबांना पितळेच्या किसाचा वास नको होता. ते शिकले आणि विमा कंपनीत लागले. आता ते अधिकारी आहेत. आत्या लहानपणापासून आजोबांना जेवणाचा डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा होईपर्यंत कानस घेऊन बसायची. आजोबांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिचे हात तयार होते. मधली काही वर्षं ती लग्न करून सासरी होती. त्याबद्दल विचारलं की म्हणते, "गंजलेलं कुलूप होतं. तेल घालून बघितलं, मग काढून टाकलं."

तिच्या टपरीवर पाटी नाही, पण तिचा आवाज आहे. गिऱ्हाईक आलं की आधी उलटतपासणी. "दार कुणाचं? तुमचंच कशावरून? शेजाऱ्याला बोलवा. त्याला ओळखते मी." एकदा एक जण हसत म्हणाला, "बाई, एवढी हत्यारं घेऊन एकट्या बसता, चोरांची भीती वाटत नाही?" आत्या म्हणाली, "मला कशाला? त्यांना माझी वाटते."

आजोबांनी तिला धंद्याची एक सवय हाडात मुरवून दिली होती. नवं कुलूप बसवलं की सगळ्या किल्ल्या घरातल्या कर्त्या माणसाच्या तळहातावर ठेवायच्या, त्याच्या डोळ्यांत बघून. एकही किल्ली आपल्याकडे राहिली नाही हे त्याला दिसलं पाहिजे. चावीवाल्याची सारी अब्रू त्या तळहातावर असते. आत्याने जन्मभर हेच केलं. कुणाच्याही घरी गेली की काम संपताना तिचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "कर्तं कोण तुमच्यात?"

त्या दिवशी दुकानातून आत्या आमच्या घरी आली. ताई आमच्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. मी आणि ताई एकाच खोलीत झोपायचो. एक पलंग, एक गादी, एक कपाट आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. आत्या आत येताना दारात थांबली. इतर बायका घरात शिरल्यावर पडदे बघतात, ही दारं बघते. तिने दाराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, मग नखाने काहीतरी कोरलं आणि नाकाशी नेलं.

"साबण?"

ताईने पुस्तक वर केलं. तिचं तोंड पुस्तकामागे गेलं.

"इथे कडी होती. चार स्क्रूंची भोकं आहेत, आणि भोकांत साबण भरलाय. कुणी काढली कडी?"

"बाबांनी," मी म्हणाले. "ताईला मार्क कमी पडले ना तेव्हा. बाबा म्हणाले, दार लावून काय करते ते कळत नाही. भोकं वाईट दिसत होती म्हणून आम्ही..."

"गप्प बस गं तू," ताई पुस्तकामागून म्हणाली.

"नाही, बोलू दे तिला. मग आता दार कसं लावता?"

"लावतच नाही. नुसतं लोटतो. ताई आधी खुर्ची लावायची. मग बाबांनी खुर्ची हॉलमध्ये नेली."

इथे मला बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा ओरडत नाहीत. मारलं तर कधीच नाही. ते फक्त येतात. ताई फोनवर बोलत असेल तर येतात, झोपली असेल तर येतात, कपाटाचा खण उघडून बघतात, उशी उचलून बघतात आणि शांतपणे म्हणतात, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला?" आईसुद्धा येते, धुतलेले कपडे घेऊन, सरळ. आणि सुट्टीत काका येतात. काका म्हणजे बाबांचे ऑफिसातले जुने मित्र. दर सुट्टीत आठवडाभर आमच्याकडे राहायचे. आदल्या वर्षी ते असेच दार ढकलून आत आले होते. ताई कपडे बदलत होती, ती कपाटाच्या उघड्या दाराआड गेली. काका पलंगावर बसले आणि तिथूनच अभ्यासाची चौकशी करत राहिले. कुठला विषय आवडतो, पुढे काय करणार. ताई कपाटाआडून उत्तरं देत होती. एकेका शब्दात. मी काकांना म्हटलं, "काका, बाहेर चला ना, मला सायकल दाखवायचीय." माझ्याकडे सायकल नव्हती.

नंतर ताई आईपाशी रडली. आई म्हणाली, "अगं, घरचेच आहेत ते." बाबा म्हणाले, "फार नाटकं करते ही हल्ली."

हे सगळं मी आत्याला सांगून टाकलं, एका दमात. ताईने पुस्तक मिटलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

आत्या त्या साबणाच्या भोकांकडे बघत होती. तिचा राग कसा असतो ते मला माहीत होतं, तो आधी तोंडातून येतो. पण या वेळी तो हातात आला होता. तिच्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होती.

"हा काका परवा येतोय ना?"

"हो."

"बरं." ती ताईजवळ गेली आणि तिच्या डोक्यावर टपली मारली. "ए, काही नको म्हणणारी. तुझी भेट ठरली."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन आली. ड्रिल, पटाशी, हातोडी आणि एक नवंकोरं लॅच, जड, पितळी, चांगल्या कंपनीचं. टपरीत ते तिने गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलं असायचं आणि कुणाला परवडायचं नाही. बाबा ऑफिसात होते. आई नुकतीच कामावरून आली होती. आई लॅबसाठी लोकांच्या घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. ती दारात उभी राहून हात चोळायला लागली.

"वन्सं, यांना विचारायला नको का?"

"कशाला? भेट आहे. त्याने त्या कार्टीला गेल्या वर्षी काय दिलं? शब्दकोश. मला विचारलं होतं?"

"तसं नाही हो. पण मुलीच्या खोलीला आतून कुलूप म्हणजे... लोक काय म्हणतील?"

"लोकांना कसं कळणार? लोक आत येतात की काय?" आत्याने ड्रिल लावला. "तू लोकांच्या घरी जातेस, तेव्हा बेल वाजवतेस की नाही?"

"वाजवते."

"का?"

ड्रिल सुरू झाला.

मला ते काम अजून डोळ्यांसमोर दिसतं. लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा ढीग. आत्या तोंडात स्क्रू धरून बोलायची, त्यामुळे तिच्या शिव्या सगळ्या बोबड्या येत होत्या. ताई आधी लांब उभी होती, मग तिने केरसुणी आणली, मग दार धरलं, मग विचारलं, "मी फिरवू का एक स्क्रू?" तिने एक फिरवला, मग दुसरा. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे खाली आलेले बघितले मी. लॅच बसलं. ताईने आत जाऊन दार लावलं. कट्. उघडलं. लावलं. कट्. उघडलं. ती हसत होती.

"बघ की जरा, खेळणं मिळालंय," आत्या म्हणाली. तिने हात पुसले आणि खिशातून तीन किल्ल्यांचा जुडगा काढला.

तेवढ्यात बाबा आले. बूट न काढताच पॅसेजमध्ये उभे राहिले. दार बघितलं, सालपटं बघितली. मला वाटलं, आता होणार. पण बाबांनी नुसता हात पुढे केला, तळहात वर करून.

आणि आत्याने किल्ल्या त्या तळहातावर ठेवल्या. तिन्ही. त्यांच्या डोळ्यांत बघून.

तिने काही विचार केला नाही. आपल्यासमोर कुणी हात पुढे केला तर आपण हात मिळवतो ना, तसं. काम झालं, घरातला कर्ता समोर आला, किल्ल्या गेल्या. बाबांनी जुडगा सोडवला, दोन किल्ल्या ताईला दिल्या आणि मंद हसून म्हणाले, "छान काम झालंय, अक्का." तिसरी त्यांच्या खिशात गेली. आईचा जीव भांड्यात पडला, तिने लगेच चहा टाकला. आत्याने चहात दोन बिस्किटं बुडवली, ताईच्या पाठीत धपाटा घातला आणि खूश होऊन गेली. मीही खूश होते. बाबा ओरडले नाहीत, यापलीकडे आमच्या घरात कुणी बघायचं नाही.

काका आले. ताई दार लावून बसायची आणि काका हॉलमध्ये म्हणायचे, "मोठी झाली हो कन्या. आमच्याशी बोलत नाही." बाबा हसायचे. समोर नवी इमारत उठत होती. काकांना तिथे फ्लॅट घ्यायचा होता आणि ती आमच्या खोलीच्या खिडकीतून नीट दिसायची. बाबा म्हणाले, "चला, दाखवतो." मी पॅसेजमध्ये होते. बाबांनी दार वाजवलं नाही, हाकही मारली नाही. खिशातून किल्ली काढली आणि फिरवली. कट्. दार उघडलं. बाबा पुढे, काका मागे.

ताई आंघोळ करून आली होती. एवढंच सांगते.

काका म्हणाले, "असू दे असू दे, मी बघत नाहीये." आणि खिडकीशी गेले. आणि दोघं तिथे उभं राहून इमारतीच्या गच्चीबद्दल बोलायला लागले.

त्याच दुपारी ताई टपरीवर गेली. मी तिच्यामागे धावत. आत्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला झापत होती. ताईने दोन किल्ल्या लोखंडी फळीवर टाकल्या.

"ही भेट परत घे."

"का गं? अडकतं का? सुरुवातीला जरा..."

"तुझं कुलूप सगळ्यांना उघडतं, आत्या."

"कोण म्हणतं? अख्ख्या बाजारात..."

"बाबांनी उघडलं. किल्लीने. काका होते बरोबर."

"किल्लीने?" आत्याने फळीवरच्या किल्ल्यांकडे बघितलं. दोन. "तिसरी कुठाय? त्याच्याकडे कशी गेली?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हणाले, "तूच दिलीस ना. त्यांनी हात पुढे केला आणि तू दिलीस."

आत्या स्टुलावर बसली. म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला, "बाई, माझी किल्ली?" आत्या ओरडली, "उद्या या! उद्या! दार उघडं टाकून झोपा आज, काय नेणार आहे कुणी तुमचं!" म्हातारा पळाला. मग तिने कानशीच्या दांड्याने फळीवर एक घाव घातला, आणखी एक घातला. सगळ्या टांगलेल्या चाव्या एकदम खळखळल्या.

"गाढव. गाढव आहे मी. आयुष्यभर कुणाकुणाच्या हातात किल्ल्या ठेवत आले. कर्तं कोण म्हणे! कितीतरी घरांत, कितीतरी पुरुषांच्या हातांत. आतमध्ये कोण राहतं ते एकदाही विचारलं नाही. दार कुणाचं, दार कुणाचं करून जगाला उभं आडवं घेते, आणि माझ्या पोरीचं दार..." ती उठली. "तू रडू नकोस. तू अजिबात रडायचं नाहीस. रडायचं काम माझं, आणि मला वेळ नाही."

भर सुट्टीच्या दिवसांत, दुपारी, गर्दीच्या वेळी तिने टपरी बंद केली. लोक हाका मारत होते. ती पिशवीत हत्यारं कोंबत होती.

घरात बाबा आणि काका चहा पीत बसले होते. आत्या चपला घालूनच आत आली, सरळ पॅसेजमध्ये गेली आणि दाराचं लॅच उचकटायला लागली. लाकूड करकरलं. बाबा उठले.

"अक्का, काय चाललंय?"

"चुकीचा माल बसला होता. बदलून देतेय. भेटवस्तू आहे, गॅरंटी माझी."

"आधी सांगायचं तरी. पाहुणे आलेत."

"म्हणूनच आले."

काका कप खाली ठेवून जरा हसले. "अहो अक्का, काहीतरी गैरसमज झालाय तुमचा. मी काही परका नाही या घरात."

आत्या वळली. हातात स्क्रू ड्रायव्हर. "नाही ना? मग तुमच्या घरच्या बाथरूमची कडी काढून टाकू? आज संध्याकाळी येते. फुकटात. घरच्याच माणसाकडून काय घ्यायचं!"

काकांनी पेपर उघडला. तो पेपर सकाळीच वाचून झाला होता.

"छोट्या," आत्या म्हणाली. बाबांना ही हाक पाहुण्यांसमोर अजिबात आवडत नाही. "तुझ्या खोलीच्या दाराला कडी आहे?"

"माझं घर आहे, अक्का. माझ्या घरात माझ्यापासून दार बंद?"

"तिचंही घर आहे."

"ती लहान आहे."

"मग तिच्या लग्नाची बोलणी कशाला करतोस फोनवर? परवाच ऐकलं मी. लग्नाला मोठी आणि दाराला लहान?"

"विषय बदलू नकोस. मुलींवर लक्ष ठेवावं लागतं. तुला मूल नाही, तुला नाही कळणार."

आईच्या हातून चमचा पडला. आत्याने पिशवीतून एक साधी लोखंडी कडी काढली, जाड दांड्याची, रंग न दिलेली, गोदामाच्या दाराला असते तशी. भोकं मारायला लागली. ड्रिलच्या आवाजात बाबा काहीतरी बोलत होते, ते कुणालाच ऐकू आलं नाही. ड्रिल थांबला तेव्हा त्यांचं शेवटचं वाक्य एकदम मोठं वाजलं.

"...आणि मी हे दार फोडीन!"

"फोड," आत्या म्हणाली. "जरूर फोड. फोडताना आवाज तरी होतो. वर, खाली, शेजारी कळतं, की याने मुलीचं दार फोडलं. किल्लीला आवाज नसतो ना, म्हणून तुला ती आवडली." तिने दांडा सरकवून बघितला. खडाक्. "याला किल्लीच नाही. त्यामुळे पुन्हा ती चुकीच्या हातात ठेवायची सोय नाही मला. बाहेरून हे कुणालाच उघडत नाही. मलासुद्धा नाही."

"या घरात परत पाऊल टाकायचं नाहीस तू."

"बरं."

"मी गंमत करत नाहीये, अक्का."

"मीही नाही. दोन स्क्रू राहिलेत, ते लावून निघते."

तिने खरोखर ते दोन स्क्रू लावले. घाई न करता, शेवटचा आटा बसेपर्यंत. मग सालपटं गोळा करून पिशवीत भरली. ताईकडे बघून म्हणाली, "जा आत. लावून बघ."

ताई आत गेली. खडाक्.

बाबांनी दाराला हात लावला. ढकललं. मग खांदा लावला. दार हललं नाही.

"दार उघड."

आतून आवाज नाही.

"मी काय म्हणतोय? दार उघड!" बाबा ओरडले. बाबांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना ओरडता येत नव्हतं. आवाज मध्येच फाटला. त्यांनी मुठीने दारावर मारलं, पुन्हा मारलं, आणि अख्खा मजला दणाणला.

आमच्या दाराची बेल वाजली. आईने दार उघडलं. शेजारच्या काकू, पीठ लागलेले हात तसेच. त्यांच्या मागे वरच्या मजल्यावरचा म्हातारा जिन्यावरून वाकून बघत होता.

"काय झालं हो? कुणी पडलं की काय?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबा पॅसेजमध्ये उभे होते, मूठ वळलेली, केस कपाळावर आलेले. आईने एवढी वर्षं अशा वेळी काय बोलायचं ते पाठ केलेलं होतं. "काही नाही, सगळं ठीक आहे," हे ते वाक्य. मी ते तिच्या ओठांवर येताना बघितलं.

"हे मुलीच्या खोलीत शिरू बघताहेत," आई म्हणाली. "तिने आतून कडी घातलीय."

शेजारच्या काकूंनी बाबांकडे बघितलं, मग पेपर धरून बसलेल्या काकांकडे. "अगो बाई," एवढंच म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. म्हातारा दोन पायऱ्या खाली आला.

बाबांनी मूठ उघडली. शर्ट ठीक केला. मग गॅलरीत गेले आणि तिथेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

आत्या पिशवी उचलून निघाली. दारात शेजारच्या काकूंना म्हणाली, "सरका हो जरा, मला परत येऊ देणार नाहीयेत, तेवढं नीट जाऊ तरी द्या." तिच्या पाठोपाठ जावंसं वाटत होतं, पण मला आमच्या खोलीत जायचं होतं. माझे कपडे, माझी पुस्तकं, माझी उशी, सगळं आत होतं. मी दार वाजवलं.

"कोण आहे?"

"मी."

"थांब."

मी थांबले. आत कपाटाचं दार वाजलं, मग पलंग करकरला, मग बराच वेळ काहीच नाही. ती काय करत होती मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, धुतलेल्या कपड्यांची चळत हातात घेऊन. ती दाराकडे गेली आणि थबकली. मला म्हणाली, "काय करतेय गं ती?"

"थांब म्हणालीय."

"बरं," आई म्हणाली, आणि ती चळत तशीच छातीशी धरून माझ्या शेजारी भिंतीला टेकली.

काका दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यानंतरच्या सुट्टीत आले नाहीत. बाबा आणि आत्या अजून बोलत नाहीत. आत्या आमच्या घरी येत नाही. ताई आणि मी टपरीवर जातो, आणि गर्दी असली की ती आमच्यावरसुद्धा ओरडते. गिऱ्हाइकाला ती आता "कर्तं कोण" असं नाही, "आत कोण राहतं?" असं विचारते, आणि लोक चिडतात, काही जण दुसरीकडे जातात. तिला त्याचाही राग येतो. बाबांनी ती कडी काढली नाही. ताई नसताना काढली तर शेजारच्या काकू विचारतील, आणि ती असताना काढायची झाली तर आधी तिला आतून उघडायला सांगावं लागेल.